शिट्टीचं रफू

रफूताईचं खरं नाव विचारलं तर तिच्या नवऱ्यालाही क्षणभर आठवावं लागेल, इतकं ते टोपणनाव तिला चिकटलं होतं. टायरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, एका बुटक्या खोलीत ती सव्वीस वर्षं बसत आली होती. खोलीला एकेकाळी खिडकी होती, ती फोम ठोकून बुजवली. समोर संगणकाचा पडदा, त्याच्या वर शेजारच्या गायकांच्या खोलीकडची काच, दोन बाजूंना दोन स्पीकर, मागे एक डगमगती खुर्ची आणि टेबलावर हेडफोन. त्याच्या कानांच्या गाद्या फाटल्या तेव्हा नवीन न घेता तिने जुन्या शर्टाच्या कापडाने स्वतः शिवून काढल्या होत्या.

तिचं काम काय, हे नातेवाइकांना समजावता समजावता तिचं अर्धं आयुष्य गेलं. नणंदेला वाटायचं ही गाणी लिहिते, चुलत दिराला वाटायचं ही स्पीकर दुरुस्त करते. गोष्ट साधी होती. गायक काचेपलीकडे उभे राहून एकेक ओळ तीस तीस वेळा गातात आणि हात झटकून घरी जातात. मागे राहतो पसारा. एका टेकमध्ये सूर छान पण शब्द खाल्लेला, दुसऱ्यात शब्द स्वच्छ पण मध्येच खोकला, तिसऱ्यात सगळं झकास आणि शेवटी पोटातली गुरगुर. रफूताई त्या तिसातून एक ओळ बनवायची. इथून अर्धा शब्द, तिथून पाव श्वास, कुठून नुसता एक ‘स’. आणि असं जोडायची की गाणाऱ्याला स्वतःलाच वाटावं, अरे वा, आपण एका दमात गायलो की!

वडील रफू करायचे. किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी त्यांचं खुराड्याएवढं दुकान होतं. सिगारेटने भोक पडलेले कोट, खिळ्याला अडकून फाटलेल्या साड्या, सगळं त्यांच्याकडे यायचं. त्यांचा एकच मंत्र होता, कापडाला त्याच कापडाचा धागा. बाजारातला कितीही सारखा दिसो, तो परका. म्हणून ते कोटाच्या आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या काठातून धागे उपसून काढायचे आणि त्याच धाग्याने भोक विणून टाकायचे. लेकीने मशीन बदललं, मंत्र तोच ठेवला.

आपल्याइतकं हे काम कुणालाच जमत नाही, असं तिचं ठाम मत होतं. पंचाईत अशी की ते खरंही होतं. तिची स्वतःची एक परीक्षा होती. जोडकाम झालं की गाणं लावायचं, बाहेर बोळात जायचं, दार घट्ट लावून घ्यायचं आणि बंद दाराआडून ऐकायचं. समोर बसून कान लाड करतात, दाराआडून करत नाहीत. सांधा खटकला तर दाराआडून हमखास खटकतो. बोळातून जाणारी भाडेकरीण पहिल्यांदा ही स्वतःच्याच दाराला कान लावून उभी असलेली बघून घाबरली होती. आता ती नुसतं विचारायची, “काय ताई, पास का नापास?”

तर अशा या रफूताईकडे शिट्टीचा सहावा अल्बम आला.

शिट्टी म्हणजे कोण हे सांगायला नको, पण सांगते. एकोणिसाव्या वर्षी तिचं पहिलं गाणं आलं. त्याच्या शेवटी एक सूर इतका वर जायचा की लोकांनी तिचं नाव शिट्टी पाडलं आणि प्रेमाने पाडलं. पुढे प्रत्येक अल्बमच्या मुख्य गाण्यात तो सूर असायचाच. कार्यक्रमात लोक त्याची वाट बघायचे. तो जवळ आला की सभागृह चिडीचूप व्हायचं, फोन वर व्हायचे, सूर लागला की छप्पर उडायचं. पहिल्या अल्बमपासून तिचा गळा रफूताईच्या हातातला. शिट्टी तिला ताई म्हणायची, एकेरीत बोलायची, आणि आल्या आल्या चपला काढून खुर्चीवर मांडी घालून बसायची.

आता शिट्टी सदतीस वर्षांची होती, आणि तो सूर गेला होता.

हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, गळ्याला काही झालेलं नाही, वयाप्रमाणे आवाज भरला आहे, वरचा मजला बंद झाला आहे. शिट्टीने हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. पण रफूताईला पहिल्याच दिवशी कळलं, तेही सुरावरून नाही, श्वासावरून. पूर्वी ही पोरगी त्या सुराआधी श्वास घ्यायला विसरायची. आता चार शब्द आधीपासून साठवायला लागली होती. एकेचाळीस टेक झाले. एकेचाळिसाव्या टेकला तिने हेडफोन काढून ठेवला, पाणी प्यायली आणि “उद्या बघू” म्हणून निघून गेली. तो उद्या चार वेळा आला आणि तसाच गेला.

पाचव्या दिवशी कंपनीचे साहेब आले. रफूताईचं निम्म्याहून जास्त काम या साहेबांच्या कंपनीकडून यायचं, म्हणून त्यांच्यासाठी चांगला कप बाहेर निघायचा. साहेब माणूस वाईट नव्हता. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं आणि तो तसं कबूलही करायचा. आज मात्र त्याचा चेहरा पडला होता.

“ताई, तीन आठवड्यांवर तारीख आली. पोस्टर लागलेत. ‘दारात उभी’ हे मुख्य गाणं, आणि त्यातच सूर नाही. शिट्टीच्या अल्बममध्ये शिट्टी नसेल तर लोक मला जोड्याने मारतील.”

“मग मी काय करू? गळा मी देऊ?”

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. “तुमच्याकडे तिचं सगळं जुनं आहे ना? पहिल्या अल्बमपासूनचं? त्यातला तो सूर काढून इथे बसवता येईल?”

आता इथे रफूताईने “तिला विचारून सांगते” म्हणायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट. पण कुणी “येईल का” असं विचारलं की तिच्यातली शहाणी बाई उठून जायची आणि कारागीर पुढे यायची. “येईल का म्हणजे? दोन दिवस द्या.”

आणि तिने ते केलं. पहिल्या अल्बमच्या न वापरलेल्या टेकमधून तिने तो सूर शोधून काढला, थोडा ताणला, सुरुवातीची किनार घासली, नव्या ओळीच्या शेवटाला असा बेमालूम जोडला की पडद्यावर बघूनही सांधा सापडेना. कापड तिचंच, धागा तिचाच. मंत्र पाळला होता. बोळात जाऊन तिने दाराआडून ऐकलं. भाडेकरीण थांबली, म्हणाली, “अगंबाई, काटा आला अंगावर.” साहेब ऐकायला आले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रफूताई त्या दिवशी घरी जाताना फूटपाथवरून नाही, हवेतून चालत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी आली. चपला काढल्या, मांडी घातली. “ताई, साहेब म्हणाले तू काहीतरी जादू केलीस. माझ्या एकेचाळीस फुटक्या टेकमधून काय निघालं ते तरी ऐकू दे.”

रफूताईने गाणं लावलं आणि मुद्दाम तिच्या तोंडाकडे बघत बसली. कौतुक ऐकायची तयारी करूनच बसली होती. कडवं गेलं, दुसरं गेलं, तो सूर आला. शिट्टी पायाच्या अंगठ्याने ताल धरत होती, तो अंगठा थांबला.

“परत लाव.”

परत लावलं.

“ही कोण?”

“अगं, कोण म्हणजे? तूच.”

“मी नाही ही.” शिट्टीचा आवाज शांत होता आणि म्हणूनच रफूताईने गाणं बंद केलं. “ही एकोणीस वर्षांची पोरगी आहे, ताई. हिला अजून आयुष्यात काही झालेलंच नाही. हिची आई जिवंत आहे. मी दोन कडवी गाते, तोंडाला फेस येईपर्यंत गाते, आणि शेवटी ही येऊन टाळ्या घेऊन जाते?”

“लोकांना कळणार नाही गं.”

“मला कळलं ना.” शिट्टी उठली. चपलांत पाय घालताना तिला एक चप्पल सापडेना, आणि त्या शोधाशोधीत तिला रडू फुटलं. “साहेबांनी असं केलं असतं तर समजलं असतं. तो त्याचा धंदा. तू न विचारता माझ्या गळ्याला हात लावलास, ताई. तू.”

ती गेली. रफूताईने पडदा बंद केला. चिडायचा प्रयत्न तिने करून पाहिला, पण राग येईना. त्याऐवजी आठवला तो वडिलांचा कोट. म्हणजे गिऱ्हाइकाचा कोट, वडिलांनी रफू केलेला. बारा वर्षं वापरलेला राखाडी कोट होता. बाबांनी नेहमीप्रमाणे आतल्या शिवणीतून धागा काढला, खुराड्यातल्या दिव्याखाली असं काही विणलं की गिऱ्हाईक बोटाने चाचपत राहिलं. आणि तासाभराने तेच गिऱ्हाईक लाल होऊन परत आलं. बाहेर उन्हात त्या ठिकाणी नाण्याएवढा गडद डाग दिसत होता. बारा वर्षं उन्हात कोट विटला होता, आतला धागा मात्र कोरा करकरीत राहिला होता. बाबा आयुष्यात एकदाच गिऱ्हाइकापुढे हात जोडून उभे राहिले, ते तेव्हा. धागा त्याच कापडाचा होता, पण त्याने ऊन पाहिलेलं नव्हतं.

एवढं डोळ्यांपुढे घडलेलं, आणि पन्नाशी उलटल्यावर आपण तोच डाग पाडला. रफूताईला स्वतःची इतकी लाज वाटली की चहा करायला उठली तर पाणी उकळून आटून गेलं.

संध्याकाळी ती शिट्टीच्या घरी गेली. दार शिट्टीनेच उघडलं. रफूताईने माफी मागितली, एका वाक्यात, लांबण न लावता. मग म्हणाली, “आता ऐक. पट्टी खाली उतरव.”

“काय?”

“गाण्याची पट्टी. चांगले तीन सूर खाली. शेवटचा सूर वर न्यायचाच नाही. तुझा आजचा आवाज जिथे बसतो तिथे गाणं बसवू. वाद्यांचं सगळं परत वाजवावं लागेल, कंपनीला गाणं द्यायला दहा दिवस हातात आहेत, संगीत संयोजकाला मी पटवते.”

“आणि लोक? शिट्टी ऐकायला येणारे?”

“ते मला माहीत नाही,” रफूताई म्हणाली. “खोटं कशाला बोलू? पण तुझा खालचा आवाज मी सव्वा महिना रोज ऐकतेय. जाडा झालाय, भरलाय. तो आवाज विकायला लाज वाटण्यासारखा नाही, एवढं मी छातीठोक सांगते. आणि यात माझ्याइतका कान कुणाला नाही, हेही सांगते.”

शिट्टीला त्याही परिस्थितीत हसू आलं. “माफी मागायला आलीस आणि फुशारकी मारून चाललीस.”

“दोन्ही खरंच आहे.”

साहेबांना मात्र हसू आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी तरातरा जिना चढून आले. “ताई, हा काय पोरखेळ? तयार गाणं आहे. मी ऐकलंय, रडलोय. तेच जाणार. फाइल द्या.”

ती फाइल फक्त रफूताईच्या मशीनवर होती. सव्वीस वर्षांत तिने एक खोकलासुद्धा कधी पुसला नव्हता, सगळं ठेवायची, न जाणो कधी लागेल. आज तिने साहेबांच्या देखत ती फाइल निवडली आणि पुसून टाकली. मशीनने विचारलं, नक्की का? तिने सांगितलं, नक्की.

साहेब मटकन खुर्चीत बसले. खुर्ची डगमगली. “हे काय केलंत?”

“दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलली होती, परत ठेवली. साहेब, गाणं तिचं, गळा तिचा. तुम्ही मला विचारलंत येईल का, मी येईल म्हटलं. चूक माझी आहे, तुमची नाही.”

“आणि अल्बम आपटला तर?”

“तर माझ्यामुळे आपटला म्हणून सांगा सगळीकडे. काम बंद करा माझं.” हे म्हणताना तिचा आवाज जराही कापला नाही. भीती वाटली ती साहेब गेल्यावर. कारण साहेब खरंच काम बंद करू शकत होते, आणि या वयात दुसऱ्या दाराशी जाऊन “मला काम येतं” म्हणायची तिची तयारी नव्हती.

पण वादक आले, खालच्या पट्टीत वाजवून गेले. मग शिट्टी काचेपलीकडे उभी राहिली. पहिले तीन टेक तिने जुन्या सवयीने रेटून गायले, घशाच्या शिरा ताणून. चौथ्याला रफूताईने माइकवरून सांगितलं, “अगं, खाली बस. स्टूल घे. हॉलच्या शेवटच्या रांगेला नाही, मला सांग. मी समोर बसलेय.” शिट्टी बसली आणि तिने सांगितल्यासारखं गायलं. बरीच वर्षं बाहेर राहून परत आलेली बाई स्वतःच्याच घराच्या दारात उभी आहे आणि आत जायचा धीर होत नाही, एवढंच गाण्यात होतं. दुसऱ्या कडव्यात “दार” म्हणताना तिचा आवाज फाटला. चांगला मधोमध, फडकं फाटावं तसा.

तो टेक बाकी सगळा सोन्यासारखा होता. फाटलेला शब्द दुसऱ्या टेकमधून घ्यायला रफूताईला दोन मिनिटंही लागली नसती. तिचे हात शिवशिवले. गाणं कंपनीकडे पाठवायची वेळ आली त्या दिवशी दुपारी ती तीन वेळा बोळात गेली आणि तिन्ही वेळा दाराआडून ते फाटणं तिच्या कानाला टोचलं. शेवटी तिने फोन उचलला. सव्वीस वर्षांत कुणाही गायकाला तिने असा फोन केला नव्हता.

“दुसऱ्या कडव्यात ‘दार’ शब्द फाटलाय. जोडून देऊ का?”

शिट्टी म्हणाली, “तुला काय वाटतं, ताई?”

“माझ्या कानाला त्रास होतो.” मग म्हणाली, “पण राहू दे. ऊन पाहिलेला आहे तो.”

शिट्टीला उन्हाचं काही कळलं नाही, पण तीही म्हणाली, राहू दे.

अल्बम ठरल्या तारखेला सकाळी बाहेर पडला, आणि लोकांनी धुतला. ‘शिट्टीतली हवा गेली.’ ‘ही शिट्टी का भोंगा?’ ‘आजीबाईंनी आता भजनं करावीत.’ साहेब दर दोन तासांनी फोन करून एकेक मासला वाचून दाखवायचे आणि फोन ठेवून द्यायचे. रफूताई वरवर म्हणायची, “लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?” पण तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला सांगून टाकलं, “माझा अंदाज चुकला असेल तर त्या पोरीचं वाटोळं मी केलं.” नवरा चष्म्याच्या दुकानात काम करायचा, गाण्यात त्याला गम्य नव्हतं. तो म्हणाला, “आमच्याकडे नवा नंबर दिला की लोक पहिले आठ दिवस शिव्याच देतात. मग जुना घालून बघतात आणि गप्प बसतात.” रफूताईला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

दहाव्या दिवशी कार्यक्रम होता, बाराशे खुर्च्यांच्या सभागृहात. तिकिटं अल्बमच्या आधीच गेली होती, म्हणून खुर्च्या भरल्या होत्या. पण भरलेल्या खुर्च्या म्हणजे खूश झालेली माणसं नव्हेत. रफूताई बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारी साहेब, टाय सैल केलेला, बोटं मोडत. जुनी गाणी झाली, तीही खालच्या पट्टीत, टाळ्या पडल्या त्या बेतास बात. मग शिट्टीने स्टूल मागवलं, बसली आणि ‘दारात उभी’ सुरू केलं.

पहिलं कडवं शांततेत गेलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला रफूताईला कसलीतरी घरघर ऐकू आली. तिला वाटलं, स्पीकरची तार सुटली. शिट्टीलाही तसंच वाटलं असावं, तिने गाता गाता मान वळवून आवाजाचं यंत्र सांभाळणाऱ्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले, मी काही केलं नाही.

घरघर खुर्च्यांतून येत होती. तिसऱ्या रांगेतली एक जाडी बाई गात होती. तिच्या मागचा, ऑफिसातून तसाच आलेला माणूस गात होता. मग रांगच्या रांग गायला लागली, वरच्या गॅलरीतून आवाज खाली आला, आणि शब्द सगळ्यांना पाठ होते. दहा दिवस हे लोक शिव्या देत होते की घरी बसून गाणं घोकत होते, कोण जाणे. दोन्ही करत असतील. माणसं असतातच तशी.

शिट्टीने माइक हळूच मांडीवर ठेवला. गाणं थांबलं नाही.

सगळे बेसूर होते. बाराशे माणसं, कुणी पुढे कुणी मागे, कुणी अर्धा सूर खाली. रफूताईच्या कानाने सवयीने चुका मोजायला घेतल्या आणि मग मोजणं सोडून दिलं. साहेब तिच्या कानाशी मोठमोठ्याने गात होते.

“साहेब, सूर लागत नाहीये तुमचा.”

“माहीत आहे,” साहेब म्हणाले आणि गात राहिले.

कार्यक्रम संपल्यावर रफूताई आतल्या खोलीत गेली. आरशाच्या कडेचे दिवे चालू होते, फुलांचे गुच्छ खुर्चीवर पडले होते. शिट्टी चपला काढून जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, चेहऱ्यावरचा रंग ओघळलेला. रफूताई तिच्याशेजारी जमिनीवरच बसली.

“ताई,” शिट्टी म्हणाली, “अठरा वर्षं मी तो सूर लावला की सगळे गप्प व्हायचे. मला वाटायचं, केवढा मान देतात.” तिने हातातल्या रुमालाने नाक पुसलं. “तसं नव्हतं गं. त्यांना तिथवर येताच येत नव्हतं.”

रफूताईने शिट्टीचा हात हातात घेतला, आणि बाहेर जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांचं ते बेसूर गाणं दोघी ऐकत बसल्या.